शनीची कडी मिटली ते वर्ष

दुर्बीण घ्यायची हे आमच्या घरात फार जुनं ठरलेलं होतं. मुलगी अंगावर पीत होती तेव्हाचं. आम्ही कळव्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, माझ्या माहेराजवळ. एका संध्याकाळी ठाण्याला एका मैदानात कॉलेजच्या मुलांनी दुर्बीण लावली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवत होते. आम्ही खरं तर बाळाला डोस द्यायला गेलेलो. गर्दी बघून हे थांबले आणि रांगेत उभे राहिले.

बघून आले ते परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, माझ्यासाठी जागा धरतायत. मी बाळाला घेऊन पुढे झाले तर म्हणाले, "थांब, आधी मी परत बघतो." तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो दुर्बिणीवरचा मुलगा हसायला लागला.

घरी येताना खाडीच्या पुलावर मला म्हणाले, "अगं, ते खरंच आहे."

"काय?"

"कडी. पुस्तकात असतात तशीच. गोळ्यात आणि कड्यात फट आहे. दोन्ही बाजूंना सारखी. एवढीशी, पण अगदी साफ."

कोलशेतच्या एका कारखान्यात हे क्वालिटीला होते. तिथे व्हॉल्व्ह बनायचे. माल बाहेर जाण्याआधी तो मापात आहे की नाही ते बघायचं, एवढंच ह्यांचं काम, आणि त्यात ह्यांचं नाव होतं. एक डोळा मिटून व्हर्नियर कॅलिपरवरची रेघ वाचायची, केसाएवढा फरक पकडायचा. म्हणून शनीचंही पहिलं काय आवडलं, तर फट.

माझे वडील कळव्याच्या खाडीत मासेमारी करायचे. आमच्याकडे आकाशात बघायचं ते चंद्राकडे, उधाणाची भरती कधी आणि किती चढेल ते कळावं म्हणून. ताऱ्यांकडे नुसतंच कुणी बघत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आमचं ठरलं, की घर झालं की दुर्बीण घ्यायची.

डोंबिवलीला घर झालं. मग सासूबाई आल्या, त्यांचं आजारपण आलं, मुलीचं शिक्षण आलं. दरवेळी काही ना काही निघत गेलं. हे गच्चीत उभे राहून मान वर करून बघायचे आणि खाली यायचे. तक्रार म्हणून कधी केली नाही.

ह्यांना निवृत्त होऊन थोडे महिने झाले आणि विषय परत निघाला. मुलगी तोपर्यंत बंगळूरला नोकरीला लागलेली, लग्न झालेलं. फोनवर तिला कळलं तशी ती म्हणाली, "बाबा, साधी नका घेऊ. आता स्मार्ट दुर्बीण मिळते. आपली आपण तारे शोधते. फोनवर नाव दाबायचं, की वळते तिकडे."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही बघायचं!"

ह्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या मित्राने तशीच एक घेतली होती. तो शहाडला राहतो, नदीच्या बाजूला. थंडीत एका संध्याकाळी त्याने आम्हाला बोलावलं. गच्चीत छोट्या तिपाईवर पांढऱ्या डब्यासारखं काहीतरी ठेवलेलं होतं. मित्राने टॅबवर बोट लावलं तसा तो डबा बारीक आवाज करत वळला आणि मृगाकडे तोंड करून थांबला. टॅबवर आधी नुसते ठिपके होते. मग हळूहळू मधे गुलाबी धुरासारखं काही उमटायला लागलं, दर मिनिटाला जास्त स्पष्ट. तो तेजोमेघ होता. खरं सांगते, मला फार आवडलं. आभाळात एवढा रंग आहे हे मला माहीतच नव्हतं.

हे डब्याभोवती फिरले. वाकून मागून बघितलं.

"डोळा कुठे लावायचा?"

मित्र हसला. "अरे, डोळा लावायचाच नाही. तीच तर गंमत आहे."

"शनी दाखव की."

मित्राने शनी लावला. तो मुगाच्या दाण्याएवढा आला. ग्रह हिच्यात लहानच येतात, मित्राने सांगितलं, हिचं काम दुसरं आहे. हे "छान आहे, छान आहे" म्हणत चहा प्यायले. परत येताना रिक्षात म्हणाले, "फोटो चांगला होता."

मग उन्हाळाभर बापलेकीचं चाललं. ती म्हणायची, डोंबिवलीच्या उजेडात साध्या दुर्बिणीतून काय डोंबल दिसणार आहे? स्मार्टमधे उजेड पुसून टाकतात. बाबांच्या कमरेला वाकायचा त्रास नाही, ओझं नाही. हे म्हणायचे, "चंद्र दिसेल, गुरू दिसेल, शनी दिसेल. मला पुरे आहेत. फोटोच बघायचा तर तू पाठव ना फोनवर. मला उजेड डोळ्यात आलेला हवाय."

"बाबा, उजेडच असतो हो तो. फक्त कॅमेऱ्यात येतो."

"मग कॅमेऱ्याने बघितला. मी कुठे बघितला?"

मी मनातून मुलीच्या बाजूची होते. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि साधी दुर्बीण म्हणजे कळशीएवढं तोंड असलेली लांब नळी. ती गच्चीत न्यायची कुणी? पण मी मधे पडले नाही.

शेवटी मे महिन्यात आम्ही ठाण्याला एका दुकानात गेलो. पहिल्या मजल्यावर दुकान होतं, कॅमेरे, दुर्बिणी, असलंच सगळं. गॅलरीत एक साधी दुर्बीण गिऱ्हाइकांना बघायला लावून ठेवली होती. समोर लांबवर एक टॉवर उभा राहत होता, त्याच्या बोर्डावर ती रोखलेली. हे खाली वाकले, डावा डोळा मिटला, उजवा लावला. डोळा लावायच्या त्या छोट्या भिंगाला आयपीस म्हणतात, तो पुढे-मागे करत राहिले.

"ह्याच्यात दोष आहे," हे म्हणाले. "अक्षर मधून वाकलंय."

दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने आयपीस बदलला.

"ह्याच्यातही आहे. सरळ रेघ मधे पोटात घेतल्यासारखी येते."

त्याने तिसरा लावला. ह्यांनी बघितलं, आणि त्यांचा तो कारखान्यातला आवाज लागला, जो मी फक्त फोनवर ऐकला होता. "साहेब, तुमचा अख्खा लॉट खराब आलाय. परत पाठवा. असा माल ठेवू नका."

दुकानदाराने स्वतः डोळा लावला. "काका, मला तर क्लिअर दिसतंय."

"ही बघेल," हे म्हणाले. "अगं, बघ जरा. 'ट' बघ मधला."

मी वाकले. बोर्डावरचं अक्षर न् अक्षर सरळ होतं. शेजारच्या बांबूवर एक कबुतर बसलेलं, त्याची मान फिरलेली दिसत होती. मी तशीच वाकून राहिले. सरळ उभं राहिलं की बोलावं लागणार होतं.

"काय?" ह्यांनी विचारलं.

"मला... नीट दिसतंय."

ह्यांनी परत डोळा लावला. ह्या वेळी डावा. बराच वेळ लावून ठेवला. मग उभे राहिले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि दुकानदाराला म्हणाले, "सॉरी हं. तुमच्या मालात काही नाही."

खाली रस्त्यावर येऊन हे एका खांबासमोर उभे राहिले. एक डोळा मिटायचा, मग दुसरा. लोक बाजूने जात होते. मी दंड धरला तेव्हा सांगितलं, की डाव्या डोळ्यात मधोमध डाग आहे, फार दिवस झाले. व्हर्नियर उजव्यानेच बघायचो, त्यामुळे काही अडलं नाही. मोतीबिंदू असेल, सावकाश काढू असं वाटलं. "उजव्याचं मात्र आज कळलं," हे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागे पडदा असतो, त्याचा अगदी मधला भाग ह्यांचा बिघडत चालला होता. त्याच भागाने आपण वाचतो, चेहरे ओळखतो. डावा डोळा हाताबाहेर गेला होता. उजव्यात आत पाझर होता, तो थांबवायला डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि देत राहावी लागतील. किती टिकेल ते सांगता येत नाही. "पूर्ण अंधार नाही होणार," त्या म्हणाल्या. "बाजूचं दिसत राहील."

ह्यांनी एकच प्रश्न विचारला. "दुर्बिणीतून बघितलं तर डोळ्यावर ताण येईल का?"

बाईंनी कागदावरून मान वर केली. "नाही येणार. बघा की. जे बघायचं असेल ते बघून घ्या."

त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण घरी येईपर्यंत रिक्षात हे दोनदा म्हणाले, "बघून घ्या, म्हणाल्या."

दवाखान्यातून एक कागद दिला होता, चौकड्यांचा, मधे एक काळा ठिपका. रोज एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसतायत का ते तपासायचं. तो फ्रीजवर चिकटवला. सकाळी मी चहा टाकायची आणि हे फ्रीजसमोर डावा डोळा तळव्याने झाकून उभे असायचे. मला पाठ दिसायची. पाठीवरून मला कळायला लागलं, आज बरं आहे की नाही.

मुलीला सांगितलं तशी ती फोनवर रडली. मग दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला, सगळं वाचून, विचारून झालं होतं तिचं. "बाबा, आता तरी स्मार्ट घ्या. टीव्हीला जोडता येते. केवढं मोठं दिसेल. म्हणजे... पुढे पण चालेल."

'पुढे' म्हणताच ती थांबली.

"पुढचं पुढे बघू," हे म्हणाले. "आत्ता मला डोळा आहे."

आणि साधी दुर्बीण घेतली. त्याच दुकानातून. दुकानदाराने ह्यांना ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

दुर्बीण आली तोवर पाऊस सुरू झाला. पावसाळाभर ती नळी आमच्या बाहेरच्या खोलीत चादर घालून उभी होती, पाहुणा आल्यासारखी. आम्ही तिला वळसा घालून जायचो. हे दर महिन्याला डोळ्यात सुई घेऊन यायचे, संध्याकाळपर्यंत डोळा लाल, आणि खिडकीशी बसून आभाळाकडे बघायचे. दसरा झाला तरी ढग हटेनात. दिवाळीत धूर. मला ढगांचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. ह्यांनी दुर्बीण स्वतः उचलून वर नेली, मला हात लावू दिला नाही. माझ्याकडे आयपीसची डबी आणि प्लास्टिकची खुर्ची. खाली लोक ऑफिसातून घरी येत होते, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शनी पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला होता. तो धरायला ह्यांना बराच वेळ लागला. मग हलायचे थांबले, तेव्हा कळलं की सापडला.

मी वाट बघत होते, काय म्हणतात त्याची.

"कडी नाहीयेत," हे म्हणाले.

उभे राहिले. टाकीला हात टेकला. "माझ्या डोळ्यातून कडी गेली गं."

मी घाईने वाकले. मला काय दिसावं याची मला धड कल्पनाही नव्हती, त्या मैदानात मी बाळामुळे नीट बघितलंच नव्हतं. एक फिकट, गोल मणी दिसला. आणि त्याच्या आरपार एक बारीक रेघ, मण्यात सुई घालावी तशी.

"अहो, मलाही नाही दिसत. नुसती सुईसारखी रेघ आहे."

"खरं?"

"खरं सांगते."

"माझ्यासाठी म्हणू नकोस हं."

"तुमची शपथ."

ह्यांनी तिथूनच शहाडच्या मित्राला फोन लावला, स्पीकरवर. मित्र म्हणाला, "अरे, तुला माहीत नाही? यंदा कडी आपल्याकडे कडेने आलीत. थाळी कशी डोळ्यासमोर आडवी धरली की नुसती रेघ दिसते, तसं. पंधराएक वर्षांनी होतं असं. आता परत उघडतील हळूहळू. एखाद-दोन वर्षांत मस्त दिसतील."

फोन ठेवून हे हसायला लागले. एवढे हसले, की डोळ्यातून पाणी आलं, आणि मी म्हणाले, डोळा चोळू नका, डॉक्टरांनी सांगितलंय. "अगं, म्हणजे डोळा चांगला आहे!" हे म्हणाले. "त्याची कडी मिटलीत. माझं काही नाही." खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले, त्यांनाही सांगितलं. यंदा शनी आडवा आहे बरं का. त्या बिचाऱ्यांनी साडेसातीचं काहीतरी समजून मान डोलावली.

ते दिवस आमचे फार चांगले गेले. मला ते विसरायचे नाहीत, आणि आठवले की त्रासही होतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही वर असायचो. चंद्रावरचे खड्डे बघितले, त्यांच्या सावल्या बघितल्या. पुढे गुरू लवकर उगवायला लागला, तर त्याच्या बाजूचे चार ठिपके, त्याचे चंद्र, रोज जागा बदललेले. दरवेळी हे बघायचे आणि बाजूला व्हायचे. "आता तू." रांगेत मला मागे ठेवणारं ते माणूस आता माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचं, श्वास रोखू नकोस, घाई करू नकोस. थंडीत मी माझी शाल दोघांच्या गुडघ्यांवर घ्यायची. शनीची कडी उघडली की मुलीला बोलवायचं, तिच्याकडून 'साधी चांगली' असं कबूल करून घ्यायचं, असा ह्यांचा बेत होता.

पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली होती. सकाळी मी चहा गाळत होते. हे फ्रीजसमोर उभे होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग विचारलं, "अगं, ठिपका कुठे गेला?"

मला वाटलं, कागद पडला. वळून बघितलं तर कागद जागेवर होता.

आत रक्त उतरलं होतं. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी लगेच घेतलं, परत इंजेक्शनं झाली, एका मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. रक्त हळूहळू ओसरलं, पण खाली व्रण राहिला, अगदी मधोमध. डाव्यासारखाच. बाई ह्यांचा हात हातात घेऊन बोलल्या. डॉक्टर हात धरून बोलायला लागले की पुढचं ऐकायची गरज नसते.

माणूस आंधळा होतो म्हणजे काय, हे मला आधी वेगळं वाटायचं. हे घरात चालायचे, दरवाजा सापडायचा, फिरणारा पंखा दिसायचा. आणि चहा कपाच्या बाहेर ओतायचे. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहायचं. एकदा मी समोर बसले होते, तर म्हणाले, "तुझे हात दिसतात. साडीची किनार दिसते. केस दिसतात. तुझा चेहरा सोडून सगळी तू दिसतेस." मी उठून आत गेले. चेहरा दिसत नव्हता ते एका परीने बरंच होतं.

होळीच्या आसपास मुलगी आली. येताना स्मार्ट दुर्बीण घेऊन आली. तिला मी नको म्हणू शकले असते, पण तिलाही काहीतरी करायचं होतं. संध्याकाळी तिने ती गच्चीत लावली, खाली टीव्हीला जोडली, आणि ह्यांची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ सरकवली.

"बाबा, आता बघा हं. मृगातला तेजोमेघ. मोठा करते."

सगळा टीव्ही गुलाबी-तांबडा झाला. हे मान जरा बाजूला वळवून बसले होते, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला शिकले होते तसे.

"दिसतंय?"

"दिसतंय ना."

"पंखासारखं बघा, इकडे पसरलंय. आणि मधे चार तारे आहेत, एकमेकांजवळ."

"हो. वा. फारच छान. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. तेव्हाच घ्यायला हवी होती."

बाबा एवढ्या पटकन हार मानत नाहीत, हे तिला जन्मापासून माहीत होतं. थोड्या वेळाने ती पाणी आणते म्हणून आत आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. "आई, त्यांना काहीच दिसलं नाही ना?"

मी म्हणाले, "रंग दिसला असेल."

"मी चार तारे म्हटलं, तेव्हा ते भिंतीकडे बघत होते गं."

मी तिला जवळ घेतलं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं, या ना दोघी. केवढं सुंदर दिसतंय इकडे."

ती परत गेल्यावर एके दिवशी हे म्हणाले, "आपली दुर्बीण वर नेऊ या का?" शनी तेव्हा संध्याकाळी नव्हता, गुरू होता. मी नेम धरायला शिकले होते. जमवलं कसंबसं, आणि ह्यांना आयपीसपाशी उभं केलं.

हे वाकले. डोळा हलवत राहिले. मग मला सांगायला लागले, शांतपणे, कारखान्यात नोंद सांगावी तसं. "बाजूला बघितलं की येतो. पांढरा, गोल. त्याच्याकडे बघायला गेलं, की नाहीसा होतो." परत बघितलं. "आला. गेला." आणखी एकदा. "बघायला गेलं की जातो, नाही बघितलं की येतो."

"दमलात तर खाली जाऊ."

"थांब."

मी थांबले. त्यांचा खांदा हलायला लागला, तेव्हा कळलं की ते आता बघत नाहीयेत. नुसता डोळा लावून ठेवलाय, मला चेहरा दिसू नये म्हणून. मी पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघं तसेच उभे होतो. शेजारच्या गच्चीतली बाई वाळलेले कपडे काढत होती. तिने हात केला, मीही केला.

शेवटी हे सरळ झाले, चाचपून नळीचं झाकण बसवलं. "बास," म्हणाले. त्यानंतर गच्चीत आले नाहीत.

मग दोन दुर्बिणी घरात. एक चादरीखाली, एक खोक्यात. आमचं घर लहान. ह्यांचा गुडघा त्या नळीच्या बैठकीवर आपटायचा, रोज एकदा तरी. एका सकाळी म्हणाले, "एक काढून टाकू या. लहान ठेवू, मोठी देऊन टाक."

मी म्हणाले, "उलट करू. मुलगी तिची परत नेईल. ही तुमची आहे."

"आणि वर कोण नेणार?"

"मी नेईन."

"तुझे गुडघे? तुझ्याच्याने उचलणार नाही ती."

"नाही उचलली तर राहील इथेच. मला ती जायला नकोय."

आमचं लग्नानंतर एवढं भांडण क्वचित झालं असेल. मी काय काय बोलले. मला तुमचे फोटोबिटो नकोत म्हणाले. तुम्हीच म्हणायचात ना, मी कुठे बघितलं, म्हणून? हे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "मी माझ्यासाठी निवडली तेव्हा कुणाचं ऐकलं नाही. आता तुझ्यासाठी निवडतोय. ती लहानी तुला एकटीला वर नेता येईल. तुला तो गुलाबी रंग आवडला होता शहाडला, मला माहीत आहे. तू गच्चीत जायचं सोडू नकोस."

मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच संपला.

मी पूर्वी कल्याणच्या एका शाळेच्या ऑफिसात होते. तिथल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला. त्यांना एवढा आनंद झाला, की मला तो ऐकवेना. रविवारी सकाळी टेम्पो पाठवते म्हणाल्या.

टेम्पोवाला वर आला, नळीला हात घालणार तोच हे म्हणाले, "तू बैठक घे. ही मी आणतो." तो माझ्याकडे बघायला लागला. मी मानेनेच घेऊ दे म्हटलं.

ह्यांनी ती नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली, लहान मूल धरतात तशी, आणि दाराबाहेर पडले. मी पुढे झाले. उलटं तोंड करून, एक हात कठड्याला, जिना उतरत होते आणि सांगत होते. पायरी. पायरी. इथे वळण आहे. डावीकडे घ्या. पायरी. नळीआड त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी दार उघडून बाहेर आले, मदतीला पुढे झाले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत मागे सरून भिंतीला लागून उभे राहिले. पायरी. पायरी. शेवटची.

टेम्पोत गोधडी अंथरून ठेवली होती. ह्यांनी नळी तिच्यावर ठेवली, बोटांनी झाकण तपासलं, दोरी ओढून बघितली. टेम्पोवाल्याला म्हणाले, "आत आरसा आहे रे. खड्ड्यांतून हळू ने."

"हो काका."

टेम्पो निघाला, कोपऱ्यावरून वळला. रस्त्यावर रविवारची भाजीवाल्यांची गर्दी होती.

"गेली?" ह्यांनी विचारलं. ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून उभे होते.

"गेली," मी म्हणाले, आणि त्यांचा दंड धरून त्यांना जिन्याकडे वळवलं.